भीतीवर पोट भरतं का?

पत्र : माझं वय ३६. एका खासगी कंपनीत हिशेब खात्यात आहे. तीन वर्षांपूर्वी माझी पहिली भयकादंबरी एका छोट्या प्रकाशनाने काढली. ज्यांनी वाचली त्यांना आवडली, पण वाचणारे मोजकेच. आता मी फँटसी लिहितोय, तीन खंडांची. पहिला खंड निम्मा झालाय. प्रकाशक म्हणतात, ‘हे सोडा, भयच लिहा, तुमच्याकडून वाचकाला तेच हवंय.’ मित्र म्हणतो, टोपणनाव घे आणि दोन्ही लिही. बायको म्हणते, ‘वर्षभर माझ्या पगारात भागेल, राजीनामा दे आणि एकदाचा सोक्षमोक्ष लाव.’ मला रात्री दहानंतरच वेळ मिळतो आणि तेव्हा डोकं चालत नाही. नोकरी सोडू का? भय की फँटसी? नाव बदलू का? सोबत दोन्ही कादंबऱ्यांची सुरुवातीची चार-चार पानं जोडली आहेत.
– एक हिशेबनीस

उत्तर : हिशेबनीस महाशय,

नोकरी सोडू नका. निदान आत्ता तरी नाही. बायकोने देऊ केलेलं वर्ष ही फार मोठी गोष्ट आहे, ते नाकारू नका, राखून ठेवा. कधी वापरायचं ते शेवटी सांगते.

सोक्षमोक्ष वर्षभरात लागत नाही, हीच मुळात अडचण आहे. समजा, राजीनामा दिलात आणि सहा महिन्यांत खंड पुरा केलात. तो प्रकाशकाकडे वाचायला पडून राहणार, मग संपादन, मग मुद्रितं, मग छपाई. पुस्तक बाजारात आल्यावरही रॉयल्टीचा हिशेब सहामाही नाहीतर वार्षिक. म्हणजे ज्या वर्षी पगार नाही, त्या वर्षी पुस्तकाचाही पैसा नाही. हे तुम्हाला मी सांगावं असं नाही, तुमचा धंदाच तो आहे. पण स्वतःच्या घराचा ताळेबंद मांडताना माणूस जरा हळवा होतो.

ब्रँडन सँडरसन हे आज फँटसीतलं सगळ्यात मोठं नाव. २०२२ साली त्यांनी चार कादंबऱ्यांसाठी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर वाचकांकडूनच पैसे मागितले आणि ४ कोटी १७ लाख डॉलर जमले. तुमच्या मित्राने तुम्हाला हे नक्की सांगितलं असणार, मित्र हेच सांगतात. त्याच्या आधीचं असं आहे : सँडरसन हॉटेलात रात्रपाळीला काउंटरवर बसायचे आणि तिथे लिहायचे. डझनभर कादंबऱ्या लिहून झाल्या तरी एकही छापलेली नव्हती. त्यांतली सहावी एका संपादकाकडे पाठवली, तिचं उत्तर यायला दीड वर्ष लागलं. होकार आला २००३ साली, पुस्तक आलं २००५ साली. २००२ साली ते एक वर्षाची रजा टाकून ‘सोक्षमोक्ष’ लावायला बसले असते, तर निकाल विरुद्ध लागला असता.

भयकादंबरीकार स्टीफन किंग यांची गोष्ट तर या क्षेत्रात आरतीसारखी म्हटली जाते. त्यांनी ‘कॅरी’ या पहिल्या छापील कादंबरीची पानं कचऱ्याच्या टोपलीत टाकली, बायकोने ती बाहेर काढली, वगैरे. खरी आहे, छान आहे. पण त्या गोष्टीतला तुमच्या कामाचा भाग कुणी सांगत नाही, तो मी सांगते. किंग तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते. कादंबरी स्वीकारली गेल्यावर अॅडव्हान्स मिळाला २,५०० डॉलर. तेवढ्यावर त्यांनी शाळा सोडली नाही. पुढे १९७३ साली पेपरबॅकचे हक्क ४ लाख डॉलरना विकले गेले आणि करारात निम्मा वाटा लेखकाचा असं लिहिलेलं होतं, म्हणून २ लाख हाती आले. त्यानंतर शाळा सुटली. क्रम बघा : आधी पुस्तक, मग करारातल्या एका ओळीने आणलेला पैसा, आणि सगळ्यात शेवटी राजीनामा.

बाकीच्यांकडे पाहिलं तरी चित्र फारसं वेगळं नाही. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांची झोप उडवली. ते वीसेक वर्षं बँकेत नोकरी करत होते, १९७८ साली ती सोडून पूर्णवेळ लेखनात आणि नाटकात आले. पॉल ट्रेम्बले यांच्या कादंबरीवर २०२३ साली मोठा चित्रपट आला. हे गृहस्थ भयकादंबऱ्या गाजत असतानाही शाळेत गणित शिकवत होते. सुझॅना क्लार्क पाककृतींच्या पुस्तकांचं संपादन करत दहा वर्षं एक फँटसी लिहीत होत्या. ती २००४ साली आली आणि जगभर गाजली. या लोकांना हिंमत नव्हती असं कुणी म्हणेल का? नोकरीने त्यांना एकच गोष्ट दिली : घाई न करण्याची मुभा. भयाच्या पुस्तकात घाई ताबडतोब दिसते. ज्या पानावर वाचकाला ताटकळत ठेवायचं, तिथेच लेखक धावत सुटलेला असतो.

रात्री दहानंतर डोकं चालत नाही, हे मात्र खरं दुखणं आहे आणि त्यावर राजीनाम्यापेक्षा स्वस्त औषध आहे. सकाळी ऑफिसला जाण्याआधी पाऊण तास काढा. रोज ३०० शब्द. वर्षाला लाखभर होतात, म्हणजे एक खंड. रात्री दहाला फक्त उद्या सकाळी काय लिहायचं त्याची एक ओळ खरडून ठेवा; तेवढं थकलेल्या डोक्यालाही जमतं.

आता तुमची पानं. मी ती दोनदा वाचली.

पहिल्या कादंबरीत तुमचा नायक लिफ्टने घरी जातोय. सहावा आणि सातवा यांच्या मध्ये लिफ्ट थांबते, दार उघडतं, समोर त्याच्याच मजल्यासारखा पॅसेज. तेच दरवाजे, त्याच नावाच्या पाट्या. फक्त प्रत्येक दाराबाहेर चपला आहेत त्या एकेकच, आणि सगळ्या डाव्या पायाच्या. तुम्ही यावर एका शब्दाचंही भाष्य केलेलं नाही. नायक थोडा वेळ बघतो, आणि वाकून आपल्या उजव्या बुटाची नाडी सोडायला लागतो. इथे प्रकरण संपतं. मी पान उलटून मागे आले, पुन्हा वाचलं. किंचाळी नाही, रक्त नाही, ‘अंगावर काटा आला’ हे वाक्य नाही. काटा माझ्या अंगावर आला, तो कागदावर लिहायची गरज उरली नाही.

नव्या कादंबरीची पहिली तीन पानं वाचून मात्र दुसऱ्याच कुणाची पाकिटात आली की काय असं वाटलं. नऊ राजवंश, तीन हजार वर्षांपूर्वीचं महायुद्ध, पर्वतांची नावं, नद्यांची नावं, कोणत्या कुळाचा ध्वज कोणत्या रंगाचा. तुम्ही मेहनत केली आहे हे कळतं, आणि नेमकं तेच कळायला नको होतं. मग चौथं पान येतं. पुलाच्या तोंडाशी बसलेली जकातवाली बाई. दिवसभरात पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाचं नाव ती वहीत लिहिते. दिवेलागणीला मोजते, तर माणसं गेली ४१ आणि नावं ४२. अक्षर तिचंच. बेचाळिसावं नाव वाचायला ती वही दिव्याजवळ नेते, आणि वाचल्यावर काहीच न बोलता तेवढं पान फाडून गिळते.

अहो, हे आहे की! कादंबरी इथे सुरू होते. आधीची तीन पानं काढून ठेवा, फेकू नका, तुमच्या माहितीसाठी लागतील. नऊ राजवंशांपैकी वाचकाला पहिल्या शंभर पानांत एक कळला तरी पुरे.

आणि आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. डाव्या पायाच्या चपला आणि बेचाळिसावं नाव, दोन्हीकडे तुम्ही एकच गोष्ट करताय. हिशेब जुळत नाही. सगळं नेहमीचं, नोंदी व्यवस्थित, आणि बेरजेत एक जास्त किंवा एक कमी. हे तुमचं आहे. बहुधा तुमच्या खात्यातूनच आलंय. ज्याने रात्री उशिरापर्यंत बसून न जुळणारा आकडा शोधलाय, त्यालाच ही भीती ठाऊक असते. भय की फँटसी हा प्रश्न प्रकाशकाचा आणि पुस्तकाच्या दुकानातल्या फळीचा आहे. तुमच्यापुरता प्रश्न एवढाच, की पुढच्या पानावर ती न जुळणारी नोंद आहे की नाही. राजवंशांच्या तीन पानांत ती नव्हती.

तुमचे प्रकाशक मात्र अगदीच चुकीचं बोलत नाहीत. भयकादंबरीने बांधलेला वाचक फँटसीच्या मागे मुकाट्याने येतोच असं नाही. खुद्द किंगनी आपल्या मुलीसाठी राजा, राजपुत्र आणि ड्रॅगन यांची कादंबरी लिहिली. ती १९८७ साली सर्वांसाठी बाजारात आली तेव्हा त्यांचे बरेच हॉररवेडे वाचक चिडले, ‘हे काय लिहिलंय, आमचं भय कुठे आहे?’ किंगना इतकं जखडल्यासारखं झालं की, लेखकाला कोंडून ठेवून हवं तसं लिहून घेणाऱ्या चाहतीची कादंबरी, ‘मिझरी’, काही अंशी त्यातूनच जन्मली. ती त्यांच्या सर्वोत्तम भयकादंबऱ्यांपैकी एक आहे, असं माझं मत. म्हणजे वाचकांचा रागही वाया गेला नाही.

दुसरीकडे क्लाइव्ह बार्कर. १९८४ साली रक्तरंजित भयकथांचे खंड काढून एकदम पुढे आला, आणि तीनच वर्षांत गालिच्यात विणलेल्या अख्ख्या जगाची फँटसी घेऊन आला. वाचक बरोबर गेले, कारण भयकथांमध्येही तो पहिल्यापासून अद्भुतच लिहीत होता, फक्त रक्ताने जास्त ओलं. तुमचा पूल बार्करच्या वाटेवर आहे. नऊ राजवंश नाहीत.

‘सध्या काय चालतं’ हे बघून लिहिणार असाल तर एवढंच लक्षात घ्या. १९८०च्या दशकात अमेरिकेत भयकादंबऱ्यांच्या पेपरबॅकचा पूर आला होता. ’९०च्या सुरुवातीला तो ओसरला, इतका की तेच लेखन मुखपृष्ठावर ‘थ्रिलर’ किंवा ‘डार्क फँटसी’ अशी लेबलं लावून विकावं लागलं. गेल्या दहाएक वर्षांत हॉरर पुन्हा जोरात आहे. स्टीफन ग्रॅहम जोन्स यांची पहिली कादंबरी २००० सालची. मोठं यश मिळालं २०२०च्या कादंबरीला. मधल्या वीस वर्षांत ते विद्यापीठात शिकवत राहिले आणि डझनाहून जास्त पुस्तकं लिहीत राहिले. लाट आली तेव्हा त्यांच्याकडे देण्यासारखं कपाटभर होतं. लाट बघून लिहायला बसलेल्यांचं पहिलं पुस्तक छापून येईपर्यंत बाजार पुढे सरकलेला असतो.

टोपणनावाचं म्हणाल तर त्याला कारण लागतं, आणि तुमच्याकडे ते मला दिसत नाही. अर्सुला व्हर्नन लहान मुलांसाठी खऱ्या नावाने लिहितात आणि मोठ्यांसाठी टी. किंगफिशर या नावाने. किंगफिशरच्या पुस्तकांत प्रेतं असतात, आठ वर्षांच्या पोराने लेखिकेचं नाव बघून ते उचलू नये, इतका साधा हिशेब. त्या एकाच टोपणनावाखाली त्या भयही लिहितात आणि फँटसीही, आणि विज्ञानकथा-फँटसीसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार, २०२३ सालचा कादंबरीचा, त्याच नावाला मिळाला. भय आणि फँटसी वेगळी करायला त्यांना तिसरं नाव लागलं नाही, हे तुमच्या मित्राला जरूर सांगा. जो हिलचं कारण निराळं. किंग यांचा मुलगा. वडिलांच्या आडनावावर पुस्तक विकलं जाऊ नये म्हणून त्याने ते गाळलं. पहिला कथासंग्रह २००५ साली एका छोट्या ब्रिटिश प्रकाशनाने काढला, मोठी नावाजलेली कादंबरी त्यानंतर.

आणि नाव लपवण्याची किंमत काय, त्याचा आकडाही उपलब्ध आहे. किंगनी रिचर्ड बॅकमन या नावाने १९७७ ते १९८४ पाच कादंबऱ्या काढल्या. पाचवीच्या सुमारे २८ हजार प्रती खपल्या. १९८५ साली पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या एकाने कागदपत्रं धुंडाळून बॅकमन कोण ते शोधून काढलं, आणि त्याच पुस्तकाचा खप दसपट झाला. पुस्तक तेच, मजकूर तोच. तुमच्याकडे आज वाचक मोजके आहेत. ते मोजके वाचक तुमचं नाव ओळखतात ही तुमची सध्याची सगळी जमा. नवं नाव घेतलंत की तीही शून्यावर. मुलांसाठी लिहायला लागलात तर बघू.

करारांबद्दल तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. हिशेब खात्यातला माणूस आणि करारावर प्रश्न नाही, याची मला गंमत वाटली. पहिल्या कादंबरीचा करार कपाटातून काढा. ऑडिओचे हक्क कुणाकडे आहेत? भाषांतराचे? चित्रपट-मालिकेचे? पुस्तक संपल्यावर किती दिवसांत पुन्हा छापायचं, आणि नाही छापलं तर हक्क तुमच्याकडे परत येतात का? छोट्या प्रकाशनांच्या करारात ‘सर्व हक्क’ असे दोन शब्द टाकून विषय संपवलेला असतो. भयाचं पुस्तक पडद्यावर फार लवकर जातं, म्हणून या प्रकारात ती ओळ जास्त महत्त्वाची. चित्रपटवाले बहुतेक वेळा आधी फक्त ‘ऑप्शन’ घेतात : वर्ष-दीड वर्ष हे पुस्तक दुसऱ्या कुणाला देऊ नका, त्याचे इतके पैसे. चित्रपट निघो न निघो, ते पैसे लेखकाचे. मुदत संपली की पुस्तक पुन्हा मोकळं. पण हक्क आधीच प्रकाशकाला दिलेले असतील, तर बोलणी तुमच्याशी होणारच नाहीत.

पुन्हा बार्करचंच बघा. स्वतःच्या लघुकादंबरीवर त्याने १९८७ साली स्वतःच चित्रपट केला. मग त्याचे भागावर भाग निघाले, बरेचसे त्याच्या हाताबाहेर आणि काही तर न बघवणारे. अमेरिकन कायद्यात पस्तीस वर्षांनी हक्क परत मागता येतात. त्यासाठी तो कोर्टात गेला आणि अमेरिकेतले हक्क डिसेंबर २०२१ मध्ये त्याच्याकडे परत आले. तुम्ही करार सही करण्याआधी वाचलात तर पस्तीस वर्षं वाचतात.

तीन खंडांचं प्रकाशकाला आत्ता सांगू नका. पहिला खंड स्वतःच्या पायावर उभा राहील असा संपवा. बेचाळिसावं नाव कुणाचं, याचं उत्तर पहिल्याच खंडात मिळालं पाहिजे. पूल कुणी बांधला ते दुसऱ्यात सांगा. पहिला खंड खपला नाही म्हणून दुसरा निघाला नाही, असं फँटसीत वारंवार होतं, आणि मग वाचक अधांतरी लटकतो तो लेखकाला कधी माफ करत नाही.

आता बायकोने दिलेलं वर्ष. पहिल्या खंडाचा कच्चा खर्डा सकाळच्या पाऊण तासांतून पुरा होऊ द्या. चार माणसांना वाचायला द्या, त्यांत किमान दोघं भयकथा न वाचणारी असू देत. प्रकाशक ठरला, करारात अॅडव्हान्सचा आकडा आणि प्रकाशनाची तारीख दोन्ही आली, की कंपनीत तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागा आणि पुनर्लेखनाला बसा. कच्चा खर्डा तुकड्या-तुकड्यांत लिहिता येतो, पुनर्लेखनाला सलग दिवस लागतात. अख्खी कादंबरी एकदम डोक्यात धरावी लागते. तीन महिने गेले, नऊ उरले. ते दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडासाठी. हा बेत तुमच्या बायकोपुढे आकड्यांसकट मांडा. तिने वर्ष दिलंय, ते कसं खर्च होणार हे विचारायचा तिला हक्क आहे.

आणि या आठवड्यात प्रकाशकांना पत्र टाका. पहिल्या कादंबरीच्या किती प्रती छापल्या, किती विकल्या, किती शिल्लक आहेत, हे तारखेनिशी लेखी मागा. ‘वाचकाला तुमच्याकडून तेच हवंय’ असं ते म्हणतात, तर असे वाचक किती, हे त्यांच्याकडे लिहिलेलं असेलच.